रबरी बटणांचा स्पेक्ट्रम ४८के: वीज देण्याआधी काय काय तपासावं?

शिवाजीपार्क_उत्तर

नमस्कार मंडळी. झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती संगणक, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा), रबरी बटणांचा, मूळ खोक्यासकट माळ्यावरून खाली काढला आहे. निदान पंचवीस पावसाळे तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. सोबत मूळ काळा अ‍ॅडॅप्टर (चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग), टीव्हीची वायर आणि दहा-बारा कॅसेट आहेत. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसतं, मात्र बटणांवरची धातूची पट्टी एका कोपऱ्यात उचलली गेली आहे. काही कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. अजून काहीच सुरू केलेलं नाही.

अ‍ॅडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावला तर चालेल का? आताच्या एलईडी टीव्हीवर चित्र येईल का? कॅसेट तशाच वाजवून पाहाव्यात का? आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात? मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, सोल्डरिंग येतं.

झेड_ऐंशी

सुरू केला नाहीत हे उत्तम केलंत. असे बरेच स्पेक्ट्रम पहिल्या काही सेकंदांतच जातात, आणि बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टरमुळेच.

मूळ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा. २३० व्होल्टची त्याला अडचण नाही, तो २४० साठीच बनलेला आहे. पण तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवत नाही, त्यामुळे भार नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसतील. तो दोष समजू नका. खरी भीती पोलॅरिटीची: स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण, बाहेरचा धन. आज बाजारात मिळणारा जवळपास प्रत्येक ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर याच्या उलटा असतो आणि पिन मात्र अगदी नीट बसते. आत उलट्या जोडणीपासून संरक्षण नाही. राउटरचा अ‍ॅडॅप्टर "नुसता बघायला" लावला की खेळ संपला.

माझं मत विचाराल तर मूळ अ‍ॅडॅप्टर खोक्यातच जपून ठेवा. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा रेग्युलेटेड एसएमपीएस घ्या, त्याची पिन कापा आणि ५.५/२.१ मिमीची नवी पिन मधला भाग ऋण येईल अशी जोडा. मीटरने दोनदा तपासा. आतला ७८०५ रेग्युलेटर ९ मधून ५ व्होल्ट काढतो आणि उरलेल्या व्होल्टची नुसती उष्णता करतो. आत येणारा व्होल्टेज जितका कमी, तितकं पत्र्याचं हीटसिंक गार राहतं. मुंबईच्या मे महिन्यात हा फरक हाताला जाणवतो.

आता यंत्र उघडा. खालचे पाच स्क्रू काढले की वरचं झाकण सुटतं, पण ते उचलायची घाई करू नका. कीबोर्डच्या दोन पातळ प्लास्टिक पट्ट्या, एक ५ तारांची आणि एक ८ तारांची, बोर्डवरच्या सॉकेटात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या कडक होतात. झाकण दोन-तीन इंच तिरकं उचला, पट्ट्या सॉकेटाजवळ धरून सरळ वर ओढा, अजिबात वाकवू नका. मग बोर्डवरचा इश्यू क्रमांक (बोर्डची आवृत्ती) वाचा आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा. पुढचं बरंच काही त्या क्रमांकावर ठरतं.

पहिल्यांदा वीज द्याल तेव्हा कीबोर्ड आणि टीव्ही न जोडता द्या, आणि फक्त मोजा. खालच्या १६के रॅमच्या आठ चिप ४११६ जातीच्या आहेत. यांना तीन व्होल्टेज लागतात. कोणतीही एक चिप धरा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ जमीन. उणे ५ नसताना १२ मिळत राहिले तर ४११६ जळतात. म्हणून पाच-सात सेकंदांत मोजून वीज बंद करा. आकडे इथे टाका, मग पुढे बोलू.

कपॅसिटरबद्दल: बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक बहुतेक २२ मायक्रोफॅराडचे आहेत, शिवाय १०० चे आणि १ चे एखाद-दोन. आपल्या हवेत ते सुकतात किंवा गळतात, त्यामुळे सगळे बदलणंच शहाणपणाचं. मूळ आडवे, म्हणजे दोन टोकांना दोन तारा असलेले आहेत. तसे न मिळाल्यास उभे घेऊन पाय वाकवा. धन-ऋण बाजू जुन्या कपॅसिटरच्या फोटोवरून लावा, नुसत्या बोर्डवरच्या छपाईवर विसंबू नका.

टेपवेडी

वरचं सगळं बरोबर, पण क्रम मी उलटा लावेन. आधी कॅसेट. यंत्र कोरड्या डब्यात आणखी वर्षभर बसलं तरी त्याचं काही बिघडत नाही. बुरशी लागलेल्या टेपचा मात्र प्रत्येक पावसाळ्यात एक थर जातो, आणि त्यावर कुणी हाताने लिहिलेला बेसिक प्रोग्राम असेल तर त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. विकत घेतलेले खेळ आज इंटरनेटवर सहज मिळतात. हाताने पेनने नाव लिहिलेल्या कॅसेट आधी बाजूला काढा.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशीच. तशी कॅसेट लावू नका. हेडवर बुरशी चिकटते आणि त्यानंतरच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी सगळ्या कॅसेट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. उन्हात ठेवू नका, कवच वाकतं. मग मास्क लावून, खिडकीजवळ बसून, टेप हाताने हळूहळू पुढे-मागे गुंडाळत कडेवरची बुरशी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्या. स्क्रूवाली कॅसेट असेल तर रीळ सरळ दुसऱ्या स्वच्छ कोऱ्या कॅसेटच्या कवचात हलवा. चिकटवलेलं कवच असेल तर पातळ पात्याने शिवणीवरून उघडावं लागतं, ते उघडताना तुटलं तरी वाईट वाटून घेऊ नका, टेप महत्त्वाची.

कवच बदलण्याचं आणखी एक कारण: टेपच्या मागे पितळेच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबतो. त्याचा गोंद सुकून तो पडतो. पडला की आवाज कधी येतो कधी जातो, आणि माणूस उगाच टेपरेकॉर्डरला दोष देतो.

टेपरेकॉर्डर चोरबाजारात मटण स्ट्रीटला अजून मिळतात, पण घेताना बेल्ट वितळलेला असणारच असं धरून चाला. काळ्या डांबरासारखा लगदा चाकांवर बसलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत पुसा. नवा बेल्ट किती मोठा? चाकांवरून दोरा फिरवून घेर मोजा आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के लहान बेल्ट घ्या. हेड, कॅप्स्टन आणि रबरी रोलरही पुसा, रोलर मात्र जपून, जास्त अल्कोहोलने रबर कडक होतं.

रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटीत: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ नको, डॉल्बी बंद, नॉइज रिडक्शन अजिबात नको. पातळी सर्वात मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आसपास. स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करू नका, कुठलातरी एकच निवडा. हेड किंचित तिरपं असेल तर दोन चॅनलच्या लहरी एकमेकींना खातात.

हेडजवळ एक छोटा अझिमथचा, म्हणजे हेडचा तिरपेपणा ठरवणारा, स्क्रू असतो. कॅसेट सुरू होताच जी एकसुरी शिट्टी ऐकू येते ती सुमारे ८०७ हर्ट्झची असते. ती ऐकत स्क्रू एकेक अंशाने फिरवा, शिट्टी जिथे सर्वात खणखणीत वाजते तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली असते. नंतरचा डेटा शून्याला साधारण २ किलोहर्ट्झ आणि एकला साधारण १ किलोहर्ट्झ असा लिहिलेला असतो. म्हणजे महागडा डेक मुळीच लागत नाही. लागतो तो स्थिर वेग आणि स्वच्छ हेड.

वेव्हवरून टॅप फाइल (टेपवरचा नुसता डेटा) करायला फ्यूज एम्युलेटरच्या, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सोबतच्या साधनांत ऑडिओ२टेप आहे. तपासायला वेगळं काही करायला नको. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक पॅरिटी बाइट असतो, तो जुळला की ब्लॉक शाबूत. मूळ वेव्ह मात्र कायम जपून ठेवा, पुढे आणखी चांगलं साधन आलं तर त्यातून पुन्हा काढता येतं.

अँटेना_कुर्ला

टीव्हीचं मी सांगतो. स्पेक्ट्रमच्या आतली पत्र्याची डबी, म्हणजे मॉड्युलेटर, यूएचएफ चॅनल ३६ वर चित्र सोडते, साधारण ५९१ मेगाहर्ट्झला. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन व्हीएचएफ चॅनल ४ वर होतं. त्यामुळे नुसता व्हीएचएफ ट्यूनर असलेल्या जुन्या टीव्हीवर स्पेक्ट्रम कधीच लागत नसे. ब्रिटनची पाल (रंगीत टीव्हीची पद्धत) आणि आपली पाल यांत ध्वनीचा वाहक वेगळा आहे, पण इथे त्याने काही अडत नाही, कारण या मॉडेलमध्ये आवाज आतल्याच छोट्या स्पीकरमधून येतो. चित्र दोन्हीकडे ६२५ रेषा, ५० हर्ट्झच.

नव्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असेल तर आपोआप शोध बऱ्याचदा हे चॅनल सोडून पुढे जातो. मॅन्युअल शोधात जाऊन ५९१ च्या आसपास हळूहळू फिरवा. ट्यूनरच नसेल तर कॉम्पोझिट, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात थेट व्हिडिओ देणं, हाच मार्ग: मॉड्युलेटरचं झाकण उघडा, मधल्या पिनेकडे येणारा रेझिस्टर सुटा करा, बोर्डवरून आत येणारी व्हिडिओची तार थेट त्या पिनेला जोडा, आणि मॉड्युलेटरची ५ व्होल्टची तार सोडवून टोकावर स्लीव्ह चढवा. मध्ये १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घातला तर उत्तम, धन बाजू बोर्डकडे. टीव्हीला पिवळं सॉकेट नसून एकच ३.५ मिमीचं भोक असेल तर त्या टीव्हीचीच एव्ही वायर घ्या, कंपनीगणिक पिनांचा क्रम बदलतो.

काही एलईडी टीव्ही हे चित्र घेतच नाहीत. स्पेक्ट्रम ३१२ रेषांचं, इंटरलेस नसलेलं चित्र ५०.०८ हर्ट्झला देतो आणि टीव्हीला ते नियमात बसत नाही असं वाटतं. दुसरा टीव्ही लावून बघेपर्यंत यंत्राला दोष देऊ नका.

चित्र आलं पण रंग नाहीत, असं झालं तर ४.४३ मेगाहर्ट्झ क्रिस्टलजवळचा ट्रिमर केसभर फिरवून बघा. इश्यू २ वर याशिवाय रंगांचे दोन प्रीसेटही आहेत. फिरवण्याआधी त्यांची जागा मार्करने खूण करून ठेवा.

झेड_ऐंशी

कॉम्पोझिटबद्दल सहमत, फक्त काढलेला रेझिस्टर मॉड्युलेटरच्या डबीतच टेपने चिकटवून ठेवा. पुढे कुणाला यंत्र मूळ रूपात आणायचं असेल तर त्याला शोधावं लागू नये.

शिवाजीपार्क_उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅसेट डब्यात घातल्या आहेत. बोर्ड इश्यू ३ आहे. नवा अ‍ॅडॅप्टर, मधला भाग ऋण, दोनदा तपासून लावला. पिन ९ वर बरोबर ५ व्होल्ट येतात. पिन ८ वर १२ पेक्षा बरेच कमी आणि पिन १ वर जवळजवळ शून्य. लगेच बंद केला. आठ चिपांपैकी एक बोटाला बाकीच्यांपेक्षा गरम लागली.

झेड_ऐंशी

नेमका आणि नेहमीचा बिघाड. १२ आणि उणे ५ दोन्ही एकाच ठिकाणी तयार होतात: एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर, टीआर४ आणि टीआर५. टीआर४ गेला की दोन्ही व्होल्टेज एकदम जातात. पण टीआर४ सहसा आपला आपण मरत नाही, त्याला मारणारा दुसराच असतो. तुमच्याकडे ती गरम चिप आहे. एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की टीआर४ वर भार येतो आणि तो जातो. नुसता टीआर४ बदललात तर नवाही जाईल.

म्हणून वीज बंद ठेवून पिन ८ ते जमीन आणि पिन १ ते जमीन असा रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवले तर शॉर्ट आहे. आधी गरम चिप काढा. डीसोल्डर करण्याच्या नादात ट्रॅक उखडू नका: चिप आता मेलेलीच आहे, तेव्हा निप्परने तिचे पाय अंगाजवळ कापा, मग एकेक पाय आयर्नने तापवून चिमट्याने ओढा. भोकं सोल्डर-विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) साफ करून १६ पिनचं सॉकेट बसवा. पुन्हा मोजा, शॉर्ट गेला असेल तर टीआर४ कडे वळा.

टीआर४ हा झेडटीएक्स६५०, टीआर५ हा झेडटीएक्स२१३. दोन्ही बदला. ६५० न मिळाल्यास ६५१ चालतो. दुकानदार "याला हा चालेल" म्हणून दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर देईल तर पायांचा क्रम डेटाशीटवर बघूनच लावा, तो सगळ्या जातींत सारखाच असतो असं नाही. कॉइलची तार केसाएवढी असते, तिच्या दोन्ही गुंडाळ्यांची सलगता मीटरने बघून घ्या. टीआर४ मरताना कधीकधी तीही जाते.

चिप बसवण्याआधी रिकाम्या सॉकेटवर पुन्हा वीज द्या आणि पिन १ वर उणे ५ नीट आले की मगच नवी चिप घाला. पडद्यावर सिंक्लेअरची १९८२ ची ओळ उमटली की एक आज्ञा द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

६५५३५ आलं तर ४८के पूर्ण शाबूत. ३२७६७ आलं तर वरच्या ३२के रॅमचा बिघाड, यंत्र स्वतःला १६के समजून चालतंय. सुरू होताना रॉम रॅम तपासत वर जातो आणि पहिल्या खराब बाइटला थांबतो. म्हणून मधलाच एखादा आकडा आला तर बिघाड नेमका कुठल्या पत्त्यावर आहे ते तिथेच कळतं. १६के रॉममध्ये स्टीव्ह व्हिकर्स या प्रोग्रामरने हे सगळं बसवलं, अजूनही कौतुक वाटतं.

एक विनंती: फेरांटी कंपनीच्या यूएलए चिपला (स्पेक्ट्रमसाठीच खास बनवलेली मुख्य चिप) सॉकेटातून उगाच काढू नका. पर्याय आता निघाले आहेत, पण मूळ यूएलए पुन्हा बनणार नाही. वर छोटं हीटसिंक चिकटवा, पुरे.

लॅमिंग्टनचा_जुना_गिऱ्हाईक

भागांबद्दल. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर ७८०५, कपॅसिटर, सॉकेट, सोल्डर-विक, पिना हे पहिल्या दोन-तीन दुकानांत मिळेल. रविवारी जाऊ नका. झेडटीएक्स मालिका आणि ४११६ साठी वरच्या मजल्यांवरचे छोटे गाळे पालथे घालावे लागतात, आणि मिळालेली ४११६ बऱ्याचदा कुठल्यातरी बोर्डवरून काढलेली असते. एक हवी असेल तर तीन घ्या.

सगळीच आठ बदलायची वेळ आली तर ४१६४ लावता येतात. त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते पिन ८ वर. म्हणजे पिन ८ कडे जाणारे १२ तोडून तिथे ५ द्यायचे. ४१६४ ची पिन ९ ही जास्तीची पत्त्याची लाइन आहे, तिला बोर्डवरून आधीच ५ मिळतात, तिकडे काही करायला नको. पिन १ आतून कुठेही जोडलेली नसेल अशीच ४१६४ निवडा. आठही एकदम बदला, एकही जुनी ४११६ सोबत ठेवू नका. मेंब्रेन (बटणांखालचा, त्या दोन पट्ट्यांसकटचा पातळ प्लास्टिकचा थर) मात्र इथे मिळत नाही, तो बाहेरूनच मागवा, नवा बनतो.

अँटेना_कुर्ला

मेंब्रेन मागवण्याआधी जुना तपासा. एकाच ओळीतली पाच बटणं, समजा क्यू ते टी, एकदम मेली असतील तर ८ तारांच्या पट्टीतली एक तार तुटली आहे. १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस ही आठ एकदम मेली तर ५ तारांच्या पट्टीतली. तूट जवळजवळ नेहमी सॉकेटात खोचलेल्या टोकाशीच असते. टोक २-३ मिमी सरळ कापून पुन्हा खोचलं की तात्पुरतं चालतं, असं एक-दोनदाच करता येतं.

तुमची बटणांवरची धातूची पट्टी एका कोपऱ्यात उचलली आहे म्हणालात. ती दुहेरी टेपवर बसलेली असते. हेअर ड्रायरने मंद गरम करत पातळ प्लास्टिकचं कार्ड सरकवत काढा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. अ‍ॅल्युमिनियमला एकदा घडी पडली की ती जात नाही.

टेपवेडी

यंत्र सुरू झाल्यावर फोनवरून लोड करायचं असेल तर: फोन विमान मोडवर, इक्वलायझर बंद, आवाज पूर्ण, आणि ब्लूटूथ नाही, वायरच. इअर सॉकेट मोनो आहे, स्टिरिओ पिन घातली तर एक चॅनल जमिनीला टेकतो. डावा चॅनल तेवढा मोनो पिनेला जोडून एक वायर करून घ्या. लाल-आकाशी पट्टे दिसूनही पुढे निळे-पिवळे येत नसतील तर आवाज कमी पडतोय, मधे छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावा. माइकची वायर लोड करताना काढून ठेवा.

पूर्ण ४८के भरायला जवळजवळ पाच मिनिटं लागतात. आधी खेळाचं चित्र येतं, तेव्हा नीट बघा: पडदा तीन भागांत, ओळी सोडत-सोडत काळा-पांढरा भरतो, आणि शेवटच्या चार-पाच सेकंदांत वरून खाली रंग चढतात. कारण आधी ठिपक्यांचे ६१४४ बाइट येतात आणि मग रंगांचे ७६८. चित्रात कुठे एखादी वेडीवाकडी आडवी रेघ दिसली तर टेपमध्ये तिथेच खाच आहे. तो ब्लॉक शेवटी "आर टेप लोडिंग एरर" देणारच, बाकीची चार मिनिटं थांबू नका. परत मागे गुंडाळा आणि अझिमथचा स्क्रू बघा.

शिवाजीपार्क_उत्तर

गरम चिप काढली, शॉर्ट गेला. पिन ८ ते जमीन आता काही किलोओहम दाखवतो. शनिवारी लॅमिंग्टनला जाऊन ट्रान्झिस्टर आणि ४११६ आणतो. सॉकेट साधं चालेल की गोल पिनांचं?

झेड_ऐंशी

गोल पिनांचं घ्या. साध्या पत्र्याच्या सॉकेटला आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो आणि मग रॅम चांगली असूनही खराब दिसते. एक लक्षात ठेवा, गोल पिनांच्या सॉकेटात जुनी, सोल्डर चिकटलेली ४११६ जात नाही, आधी तिचे पाय विकने साफ करा.